सणक जाऊन कुणी सगळं घर संपवत नाही

एखाद्या घरातली चार-पाच माणसं एका रात्रीत मारली गेल्याची बातमी आली, की गाव जालन्याकडचं असो नाहीतर लातूरकडचं, पारावरचं बोलणं एकच असतं. “लई शांत माणूस व्हता.” “कुणाच्या आध्यात ना मध्यात.” “कामून केलं आसंल, काय की बा.” मग कुणीतरी म्हणतं, “डोक्यात सणक गेली आसंल,” आणि विषय तिथंच मिटतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हेच जरा शुद्ध भाषेत छापून येतं: क्षणिक रागातून, माथेफिरूने, कारण अस्पष्ट.

हे उत्तर सगळ्यांच्या सोयीचं आहे. सणक आधी कुणालाच दिसत नाही, त्यामुळे घरच्यांचं, शेजाऱ्यांचं, पोलिसांचं कुणाचंच काही चुकलेलं ठरत नाही. पण सामूहिक खुनांचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत शेकडो प्रकरणं उकलून पाहिली, त्यात त्यांना जवळजवळ उलटं चित्र दिसलं. असे खून बहुतेक वेळा आठवडे-महिने मनात घोळलेले असतात. करणाऱ्याच्या वागण्यात ते आधीच उतरलेले असतात, आणि फार वेळा त्यानं ते कुणाला तरी बोलूनही दाखवलेले असतात. ही गोष्ट मराठवाड्यातल्या घराघरांत पोचावी असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे असे खून शाळा-बाजारात कमी आणि घरात जास्त होतात. आधीची चिन्हं ओळखू शकणारी माणसंही त्यामुळे घरातलीच असतात.

आधी थोडी मांडणी करू. एकाच वेळी, साधारण एकाच जागी, चार किंवा जास्त माणसं मारली तर अमेरिकेतले अभ्यासक त्याला सामूहिक खून म्हणत आले. २०१३ मध्ये तिथल्या केंद्रीय कायद्यानं हा आकडा तीनवर आणला. एकच खुनी वेगवेगळ्या दिवशी खून करतो आणि मधल्या काळात चारचौघांसारखा वावरतो, तेव्हा ती खुनांची मालिका. मराठवाड्यात हत्याकांड म्हटलं की जुन्या पिढीला पहिलं मानवत आठवतं. बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष, परभणी जिल्हा, आणि नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत एकामागून एक मारल्या गेलेल्या लहान मुली आणि बायका. गुप्तधनासाठी बळी, हा त्यामागचा हेतू म्हणून न्यायालयापुढे आला. पण ती मालिका होती, एका दिवसाचं हत्याकांड नव्हे. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर प्रकरण दोन्हींत बसतं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले, त्यांतले तीन एका रात्री जोशींच्या घरात आणि पाच दुसऱ्या रात्री अभ्यंकरांच्या घरात. चौघा दोषींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

हा फरक तपासाच्या दृष्टीनं फार मोठा आहे. मालिकेतला खुनी लपतो, कारण त्याला पुन्हा करायचं असतं. म्हणून पोलीस ‘कोण’ या प्रश्नामागे असतात. सामूहिक खुनात ‘कोण’ हे बहुधा संध्याकाळच्या आत कळतं. तो तिथंच मेलेला असतो, बसून असतो, किंवा स्वतःहून ठाण्यात आलेला असतो. मग उरतं एवढंच: हे आधी कसं कळलं नाही? भारतीय कायद्यात सामूहिक खुनासाठी वेगळं कलम नाही. पूर्वी ३०२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०३ लागतं, आणि मृतांची संख्या शिक्षा ठरवताना विचारात येते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ पार्क डिट्झ यांनी १९८६ मध्ये या खुन्यांचे तीन गट पाडले. पहिला, स्वतःचं कुटुंब संपवणारा. दुसरा, हत्यारांची जय्यत तयारी करून लढाईला निघाल्यासारखा गर्दीत शिरणारा. तिसरा, बॉम्ब किंवा विष पेरून निघून जाणारा. टीव्हीमुळे आपल्या डोळ्यांपुढे दुसराच येतो. आपल्याकडे परवान्याशिवाय बंदूक मिळणं अवघड, म्हणून तो गट लहान आहे. पण नाही असं नाही. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकानं एसटी बस काढली, रस्त्यावर माणसं चिरडत नेली आणि नऊ जणांचा जीव घेतला. हत्यार म्हणजे फक्त बंदूक, हा समज त्या दिवशी मोडायला हवा होता.

तिसऱ्या गटासाठी म्हैसाळचं उदाहरण घ्यावं लागेल. २० जून २०२२ ला सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यात म्हैसाळला दोन भावांच्या दोन घरांत मिळून नऊ मृतदेह सापडले. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. चिठ्ठ्या सापडल्या, त्यांत सावकारांची नावं होती. सगळ्या महाराष्ट्रानं कर्जापायी सामूहिक आत्महत्या असा निष्कर्ष काढला, सावकारांवर गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. आठवडाभरात तपास फिरला. गुप्तधनाच्या नावाखाली पैसे घेतलेल्या सोलापूरच्या एका मांत्रिकानं आणि त्याच्या चालकानं चहातून विष दिलं, असा आरोप ठेवून पोलिसांनी दोघांना अटक केली. मानवतनंतर पन्नास वर्षांनी पुन्हा तेच गुप्तधन. मधल्या काळात, २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, जादूटोणाविरोधी कायदाही राज्यात आला होता.

म्हैसाळ मला आणखी एका कारणानं महत्त्वाचं वाटतं. नऊ माणसं एकत्र मेली की ती ‘सगळ्यांच्या मर्जीनं’ मेली, हे आपण किती पटकन मान्य करतो ते त्यात दिसलं. इथून पुढचा भाग अवघड आहे, पण या लेखाचा गाभा तोच आहे.

घरातली हत्याकांडं

ब्रिटनमध्ये डेव्हिड विल्सन, एलिझाबेथ यार्डली आणि ॲडम लाइन्स या अभ्यासकांनी १९८० ते २०१२ या काळातल्या वर्तमानपत्रांतून कुटुंब संपवणाऱ्यांची प्रकरणं गोळा केली. ७१ जण सापडले, त्यांत ५९ पुरुष. बहुतेक जण कमावते, घर-संसार असलेले होते, गावाच्या नजरेत ‘चांगले’. या पुरुषांचे त्यांनी चार प्रकार सांगितले. एक जण सगळा दोष बायकोवर टाकतो: तिनं घर मोडलं, आता तिला धडा शिकवतो. दुसऱ्याला वाटतं घरच्यांनी आपल्याला खाली पाहायला लावलं. मुलगी मनाविरुद्ध वागली, पोरं रीत पाळत नाहीत. तिसऱ्याच्या मनात कुटुंब म्हणजे स्वतःच्या यशाची पाटी असते. धंदा बुडाला, घराचा लिलाव निघाला, की त्या पाटीचा उपयोग संपला असं त्याला वाटू लागतं. चौथ्याला भास होतो की बाहेरून कुणीतरी माझ्या लेकरांचं वाईट करणार आहे, त्याआधी मीच त्यांना सोडवतो.

चारही वेगळे दिसतात, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे: बायको आणि लेकरं ही वेगळी माणसं आहेत, त्यांना आपापलं आयुष्य आहे, हे त्याच्या हिशेबातच नसतं. ती ‘माझी’ आहेत. मी बुडालो तर ती बुडणार, मी गेलो तर ती जाणार. ठाण्याजवळ कासारवडवलीला २८ फेब्रुवारी २०१६ ला एका माणसानं बहिणी-भाच्यांसह सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं, अन्नातून गुंगीचं औषध दिलं, चौदा जणांना मारलं आणि गळफास घेतला. एक बहीण वाचली. आमंत्रणं आणि गुंगीचं औषध ही सगळी तयारी आदल्या दिवसांतली होती. याला सणक म्हणता येणार नाही.

आता मराठवाड्याचा विषय. इथं कर्ज, दुष्काळ आणि आत्महत्या यांवर इतकं बोललं गेलंय की घरातल्या खुनांनाही आपण त्याच रांगेत उभं करतो. कृपा करून तसं करू नका. कर्जात बुडालेल्या लाखो शेतकऱ्यांनी लेकरांच्या अंगाला कधी बोट लावलेलं नाही. आत्महत्या केलेल्यांतलेही बहुतेक जण एकटेच गेले, आणि मागच्यांना त्रास नको म्हणून गेले. कर्ज हा धक्का असतो. पण त्या धक्क्यानं माणूस बायको-पोरांवर हात टाकतो, तेव्हा त्याच्या मनात मालकीची भावना आधीपासून पक्की बसलेली असते. कर्ज माफ झालं असतं तर ती गेली असती, असं मानायला काही आधार नाही.

आणि विहीर. ‘विवाहितेची दोन चिमुकल्यांसह विहिरीत उडी’ हे चार ओळींचं वृत्त आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्या चार ओळींत कायद्याच्या दृष्टीनं काय घडलेलं असतं, ते १९५३ च्या एका निकालात स्पष्ट दिसतं. तेव्हाच्या मध्यभारत उच्च न्यायालयापुढे आलेलं ते प्रकरण. नणंदेशी भांडण झालं, बाई तीन लेकरांना घेऊन घराबाहेर पडली आणि विहिरीत उडी घेतली. बाई वाचली, तिन्ही लेकरं गेली. मी लेकरांना मारायला नव्हते गेले, मी मरायला गेले होते, असा बचाव उभा राहू शकत होता. न्यायालयानं सांगितलं की उडी मारताना लेकरं मरणार हे तिला ठाऊक होतं, आणि ती उडी माफ व्हावी असं काही कारण नव्हतं. म्हणून हा खून. लेकराची संमती नसते, म्हणून त्याचा मृत्यू आत्महत्येत मोडत नाही.

हे सांगताना त्या बाईला खुनी म्हणून दगड मारावेत असा माझा हेतू नाही. अमेरिकेतल्या फिलिप रेझनिक यांनी १९६९ मध्ये आईबापांनी केलेल्या लेकरांच्या खुनांची पाहणी केली, तेव्हा सगळ्यात मोठा गट ‘लेकराच्या भल्यासाठी’ मारणाऱ्यांचा निघाला: माझ्यामागं यांचे हाल होतील, सावत्रपणा वाट्याला येईल, त्यापेक्षा सोबत नेते. हे बोलणं आपल्या कानाला किती ओळखीचं आहे! अशा आया बहुधा नवऱ्याला हात लावत नाहीत. स्वतःला आणि लेकरांनाच संपवतात. मागे कधी बाळंतपणानंतरचं नैराश्य असतं, कधी भ्रम, कधी रोजची मारहाण. पुरुषाच्या हत्याकांडात हुकमत सुटल्याचा राग वर असतो, इथं सुटकेचा दरवाजा न सापडणं. उपाय वेगळे आहेत, म्हणून कारणं वेगळी ओळखायला हवीत. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात ‘सामूहिक किंवा कौटुंबिक आत्महत्या’ असा तक्ताच आहे. दोन वर्षांचं लेकरू अशा आकड्यात गेलं, तर ते कुणाच्या हातून गेलं हा प्रश्नच कुणी विचारत नाही.

वेडाचं काय?

“डोकं फिरलं असेल” हे सणकेच्या खालोखाल ऐकू येणारं कारण. थोडं खोलात जाऊ, कारण याचा भार विनाकारण हजारो मनोरुग्णांवर पडतो.

जर्मनीतला अर्न्स्ट वाग्नर हा शिक्षक. श्टुटगार्टजवळच्या डेगरलोखमध्ये राहायचा. नीटनेटका, अदबीनं बोलणारा, गावात मान असलेला. ४ सप्टेंबर १९१३ ला पहाटे त्यानं बायको आणि चार लेकरांना मारलं. मग तो म्युलहाउझन या खेड्यात गेला, जिथं तो दहा-बारा वर्षांपूर्वी नोकरीला होता. तिथं रात्री घरांना आगी लावल्या आणि बाहेर पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तिथं नऊ माणसं गेली. कारण काय, तर तरुणपणी तिथं असताना हातून घडलेल्या एका कृत्याची त्याला भयंकर लाज होती, आणि साऱ्या गावाला ते माहीत आहे, पुरुष पाठीमागं हसतात, असं त्यानं मनाशी धरलं होतं. गावात कुणाला काहीच माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तो हे मनात घेऊन वर्गात शिकवत राहिला, रानात जाऊन नेमबाजीचा सराव करत राहिला, बेत लिहून ठेवत राहिला. रॉबर्ट गाउप या मानसोपचारतज्ज्ञानं त्याचा पुढे अनेक वर्षं अभ्यास केला. न्यायालयानं त्याला मनोरुग्ण ठरवलं आणि १९३८ मध्ये तो मनोरुग्णालयातच मेला.

वाग्नर आजारी होता, यात वाद नाही. पण त्याचा आजारही एका रात्रीत आला नव्हता. आणि आजारी नसलेल्या खुन्यांतही हीच घडण दिसते: जुना अपमान, तो रोज नव्यानं आठवणं, दोष पूर्णपणे दुसऱ्यांवर टाकणं, हळूहळू माणसांतून उठणं, आणि मग नोकरी जाणं, बायको माहेरी जाणं, नोटीस येणं असा एखादा शेवटचा धक्का. जॅक लेविन आणि जेम्स ॲलन फॉक्स हे अभ्यासक १९८० च्या दशकापासून हीच साखळी मांडत आले आहेत. एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २००० ते २०१३ दरम्यानचे गोळीबार करणारे ६३ हल्लेखोर तपासले. त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकालाच आधी मानसिक आजाराचं निदान झालेलं होतं. नियोजनाचा काळ ज्यांचा समजू शकला, त्यांतल्या ७७ टक्क्यांनी आठवडा किंवा त्याहून जास्त वेळ तयारीत घालवला होता. आणि सरासरी चार-पाच काळजीच्या खुणा भोवतालच्यांना दिसलेल्या होत्या.

दुसरं टोक चार्ल्स व्हिटमनचं. १ ऑगस्ट १९६६ ला या पंचवीस वर्षांच्या तरुणानं आई आणि बायकोला मारून टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळ्या झाडल्या. शवविच्छेदनात मेंदूत गाठ सापडली आणि जग म्हणालं, सापडलं कारण. चौकशी आयोगाला मात्र त्या गाठीचा आणि कृत्याचा संबंध ठामपणे जोडता आला नाही. गाठीपेक्षा मला त्याच वर्षीच्या मार्चमधली एक नोंद जास्त अस्वस्थ करते. त्या दिवशी तो विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता आणि बोलता बोलता म्हणाला होता की बंदूक घेऊन मनोऱ्यावर चढावं आणि लोकांना मारावं असे विचार येतात. डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं. पुढच्या भेटीला तो आला नाही.

आधी बोलून दाखवलेलं

बेत असा बाहेर झिरपणं हा या सगळ्या अभ्यासातला सगळ्यात कामाचा शोध आहे. अमेरिकेच्या ‘सीक्रेट सर्व्हिस’ या सुरक्षा यंत्रणेनं आणि शिक्षण खात्यानं २००२ मध्ये शाळांतल्या ३७ हल्ल्यांचा अहवाल दिला. ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याआधी किमान एका माणसाला बेताची काहीतरी कल्पना होती. तो माणूस बहुधा मित्र, वर्गसोबती किंवा भाऊ होता. बऱ्याच जणांना वाटलं, हा नुसता बोलतोय.

आपल्याकडे हे झिरपणं वेगळ्या रूपात येतं. “एक दिवस सगळ्यांचा निकाल लावतो.” “तुला मारीन, लेकरं मारीन अन् मग मी मरीन.” दारूच्या भरात बोललेलं असतं म्हणून सासू म्हणते, “उतरली की बरा व्हतो.” कधी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला शेवटचा रामराम असतो. कधी माणूस अचानक भाचीच्या लग्नाचे उसने पैसे फेडतो, विम्याचे कागद भावाच्या हातात देतो. बाई ठाण्यात जाते तेव्हा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते, एक कागद मिळतो आणि “घरातलं घरात मिटवा” असा सल्ला. त्या कागदाचा दर्जा अदखलपात्र असला तरी त्यावर लिहिलेलं वाक्य कधीकधी गुन्ह्याची आगाऊ कबुली असते. सगळ्या धमक्या खऱ्या होत नाहीत, फार थोड्या होतात. पण झालेल्या प्रकरणांत मागे जाऊन पाहिलं तर धमकी फार वेळा सापडते, म्हणून प्रत्येक धमकीची एकदा तरी नीट चौकशी व्हायला हवी.

कोणती धमकी जास्त गंभीर, याचेही ठोकताळे आहेत. जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या हातून मेलेल्या बायकांवर मोठं काम केलं. बाई घर सोडते किंवा सोडायचं ठरवते तो काळ सगळ्यात धोक्याचा. हत्यार दाखवून दिलेली धमकी धोक्याची. आणि गळा दाबणं: ज्या बाईचा गळा जोडीदारानं पूर्वी कधी दाबलाय, तिचा पुढे खून होण्याची शक्यता सुमारे सातपट वाढते, असं २००८ मधल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं. गळ्यावर फार वेळा वळही उठत नाही, म्हणून वैद्यकीय तपासणीत आणि जबाबात ते सुटून जातं. मुलगी माहेरी आली आणि तिनं “गळा धरला व्हता” एवढं जरी सांगितलं, तरी त्या आठवड्यात तिला समजूत काढून परत पाठवू नका. भाऊबंद घेऊन बैठक बसवायची ती वेळ नाही. तिथं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन न्यायालयाकडून संरक्षण आदेश मागता येतो. नवऱ्याकडून शांततेचं बंधपत्र घेण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं १२६ कलम आहे, ज्याला आपल्याकडे अजून चॅप्टर केस म्हणतात.

फाशीची भीती इथं चालत नाही. ज्यानं स्वतः मरायचं ठरवलंय, त्याला शिक्षेचा धाक कसला? कुटुंब संपवणाऱ्यांतले किती तरी जण त्याच जागी जीव देतात. फायद्यासाठी मारणाऱ्याचं वेगळं. तो हिशेब करतो, आणि त्याच्यासाठी कायद्यात काही अडसर आहेतही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणाऱ्याला मारलेल्याचा वारसा मिळत नाही.

प्रसिद्धीचा भाग मात्र आपल्या हातात आहे. शेरी टॉवर्स यांच्या २०१५ च्या अभ्यासात अमेरिकेत बंदुकीनं झालेल्या एका हत्याकांडानंतर सरासरी तेरा दिवस तशाच दुसऱ्या घटनेची शक्यता वाढलेली दिसली. हे बंदुकीपुरतं नाही. चीनमध्ये २३ मार्च २०१० ला नानपिंग शहरात एकानं शाळेच्या दारात सुरीनं आठ मुलांना मारलं, आणि पुढच्या काही आठवड्यांत एकामागून एक शाळांवर तसेच हल्ले झाले. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा बळी गेला, तेव्हा पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितलं की त्या माणसाचं नाव त्या कधीच घेणार नाहीत. आपल्याकडे आत्महत्यांच्या बातम्यांसाठी प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या: पद्धत सांगू नका, चिठ्ठी आणि फोटो छापू नका, ठळक मथळे करू नका. घरातल्या हत्याकांडाच्या बातमीत तरीही औषधाचं नाव, चिठ्ठीचा फोटो, दोरीचा कोपरा सगळं येतं, आणि तास-दोन तासांत त्याचा रील होतो. तो रील पुढे पाठवायच्या आधी एवढं आठवा, की तो पाहणाऱ्यांत कुणीतरी त्याच विचारात बसलेला असू शकतो.

जमावाच्या हत्याकांडांना हे सगळं लागू करू नका. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारणाऱ्यांचा, किंवा १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचणाऱ्यांचा, एकेकट्याचा मनोव्यापार शोधत बसलात तर हाती फार लागणार नाही. तिथं जात, अफवा, चिथावणारी चार माणसं आणि ‘आपल्याला कोण काय करणार’ ही खात्री काम करते. मराठवाड्यानं हे १९७८ च्या नामांतराच्या वेळी पाहिलं. त्याआधी १९४८ मध्ये, रझाकारांच्या अत्याचारांतही आणि पोलीस कारवाईनंतरच्या कत्तलींतही पाहिलं. त्या कत्तलींची पाहणी करायला केंद्रानं पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं आहेत. जात, समाज, भाषा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला नव्या न्याय संहितेच्या १०३ (२) मध्ये आता वेगळी तरतूद आहे. हा विषय स्वतंत्र आणि मोठ्या लेखाचा आहे.

घराकडे परत येतो, कारण तिथं आज रात्रीही काही करता येतं. मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशाताई घरोघरी जाऊन खचलेला माणूस हेरतात आणि जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकाशी त्याची गाठ घालून देतात. प्रश्न विचारताना त्यांना आत्महत्येपाशी थांबू देऊ नका. “जीव द्यावासा वाटतो का” याच्या जोडीला “लेकरांचं काय ठरवलंय” हेही विचारावं लागतं. विचारल्यानं मनात नसलेला विचार पेरला जात नाही. जगभरचा अनुभव असा आहे की विचारलं तर माणूस मोकळा होतो. उत्तर “त्यांनाबी सोबत नेतो” असं आलं, तर ती तातडीची वेळ आहे. लेकरं आणि बाई त्याच संध्याकाळी आजोळी किंवा भरवशाच्या घरी जायला हवीत, आणि कुठं गेली ते त्याला सांगायचं नाही. फवारणीचं औषध, कोयता, कुऱ्हाड घराबाहेर हलवायची. त्या माणसाजवळ एकानं बसायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावायचा. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो अंगावर येत असेल तर ११२, बाईसाठी १८१, लेकरांसाठी १०९८. पोलीस पाटलाला सांगताना त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून द्यायचे आणि दुसऱ्या कागदावर पोच घ्यायची.